गोकाकचा गेंडा, धारवाडचा खडक

शाळेत भूगोल शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाने 'धारवाड श्रेणीचे खडक' हे शब्द कधी ना कधी पाठ केलेले असतात. सिंधुदुर्गात हे खडक आहेत, चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत, भंडारा-गोंदियात आहेत. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं तर ही यादी झोपेतही म्हणतील. पण या खडकांना धारवाडचं नाव का मिळालं, ते कोणी दिलं आणि त्याच माणसाने आधी हेच खडक भलत्याच सदरात कसे टाकले होते, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. धारवाड म्हटलं की आपल्याला पेढा आठवतो, गवई मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. खडक आठवलाच तर सगळ्यात शेवटी.

हुबळीच्या कडेला तारिहाळ आहे. आज हे नाव लोकांना माहीत आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे. या भागात शेडच्या पायासाठी खड्डा घेतला की त्याच्या उभ्या भिंतीत सगळी गोष्ट दिसते. वर हात-दीड हात माती, कुठे तांबडी तर कुठे काळी. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली खडक सुरू होतो, पण खडक म्हणावा असा तो अजून नसतो. पापुद्रे सुटलेला, हिरवट-पिवळा, नखाने खरवडला तर पीठ व्हावं इतका मऊ. आणखी खाली गेलं की पापुद्रे घट्ट होत जातात, रंग करडा-हिरवा होतो आणि पहार टणकन वाजते. तिथे खरा धारवाडी खडक लागला. ठेकेदाराच्या दृष्टीने हे 'सॉफ्ट' आणि 'हार्ड' असे दोन दर. भूशास्त्राच्या दृष्टीने हा एकच खडक, विदारणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पकडलेला.

ही भिंत वाचायला माणसांना साठ वर्षं लागली. १८२८ ते १८८८. त्या साठ वर्षांत या मुलखात मतभेद झाले, चुका झाल्या, एक गेंडा सापडला आणि शेवटी धारवाड जगाच्या नकाशावर गेलं.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा हा प्रदेश कंपनीच्या कागदपत्रांत 'सदर्न मराठा कंट्री' म्हणून येऊ लागला. बोली कानडी, पण सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ अशी मराठी संस्थानं आणि पेशव्यांच्या काळातली कारभाराची घडी, त्यामुळे हे नाव. या मुलखात धारवाडला अलेक्झांडर टर्नबुल क्रिस्टी नावाचा तरुण डॉक्टर नेमला गेला. त्या काळी कंपनीच्या डॉक्टरला रोग्यांखेरीज बराच वेळ असे आणि क्रिस्टीने तो हवामान, वनस्पती, प्राणी, शेती आणि दगड यांत घालवला. त्याची निरीक्षणं १८२८-२९ मध्ये एडिंबरोच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आली.

एडिंबरो हे गाव इथे महत्त्वाचं आहे. जेम्स हटन तिथलाच. जमीन झिजते, गाळ समुद्रात जातो, त्याचा खडक होतो, तो वर येतो आणि पुन्हा झिजतो, या चक्राला ना आरंभ दिसतो ना अंत, हे हटनने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथेच मांडलं. आणि ज्या नियतकालिकात क्रिस्टीचं लेखन आलं, त्याचा संपादक रॉबर्ट जेमसन एके काळी नेमका विरुद्ध पंथाचा. सगळे खडक आदिम समुद्राच्या पाण्यातून साकळले, असं मानणाऱ्यांचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. 'पाणी की झीज' हे भांडण त्या शहराच्या हवेतच होतं. ते भांडण धारवाडच्या काळ्या जमिनीत येऊन उतरलं.

धारवाडहून पूर्वेला, नवलगुंद-नरगुंद-गदगकडे निघालं की काळं रान सुरू होतं. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतणार, उन्हाळ्यात भेगांत काठी घातली तर तळ लागणार नाही. कापूस, ज्वारी आणि गहू पिकवणारी ही जमीन आली कुठून? क्रिस्टीला वाटलं की काळ्या ट्रॅप खडकाची, म्हणजे ज्याला आपण सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणतो त्याची, माती होऊन ही बनली असावी. त्याआधी लॅम्बटनच्या त्रिकोणमिती सर्वेक्षणाबरोबर हिंडलेल्या व्हॉयसीचंही तेच मत होतं. क्रिस्टी मतावर थांबला नाही. त्याने मातीचा नमुना कागद करपण्याच्या बेतापर्यंत तापवून अगदी कोरडा केला, तोलला, मग दमट हवेत ठेवला आणि पुन्हा तोलला. वजन सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं. पाऊस न पडताही ही माती हवेतून एवढी ओल ओढून घेते! रब्बीचं पीक नुसत्या ओलीवर कसं उभं राहतं, याचं उत्तर शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होतं. तराजूत घालून ते दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत क्रिस्टी येतो.

त्याचं पुढे लवकरच आटोपलं. मद्रास सरकारने त्याला भूशास्त्रीय पाहणीसाठी नेमलं आणि १८३२ मध्ये तो निलगिरीत तापाने गेला. तिथे चहा होईल हे सुचवणारा पहिला माणूस म्हणून चहाच्या इतिहासात त्याचं नाव घेतात. धारवाडच्या इतिहासात मात्र कोणी घेत नाही.

त्याच्यानंतर आला कॅप्टन टी. जे. न्यूबोल्ड. मद्रास फौजेतला अधिकारी, भाषांचा जाणकार, पायाला भिंगरी. १८४०च्या दशकात त्याने दक्षिण मराठा मुलुख पालथा घातला आणि क्रिस्टीच्या मताला सरळ छेद दिला. त्याचं म्हणणं बिनतोड होतं. ही काळी माती ट्रॅपवर आहे तशीच स्फटिकी नाईसवर आहे, पापुद्र्यांच्या शिस्टवर आहे, चुनखडीवरही आहे. खालचा खडक बदलतो, वरची माती बदलत नाही. मग ती त्या खडकाची झीज कशी? न्यूबोल्डने निष्कर्ष काढला की ती पाण्याखाली साचलेली असली पाहिजे. म्हणजे जेमसनचा समुद्र नाही, तरी त्याचंच धाकटं भावंड.

दोघांकडे अर्धं अर्धं सत्य होतं. आज आपण जे जाणतो ते असं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकाच्या फटींत शिरतं. त्यातल्या फेल्डस्पार, अभ्रक, क्लोराइट या खनिजांची चिकणमाती होते, लोह गंजतं. पश्चिमेला हल्याळ-खानापूरकडे पाऊस दांडगा, उतार भरपूर. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, आणि तांबडी माती किंवा थेट जांभा तयार होतो. बेळगावचा किल्ला त्या जांभ्यावर उभा आहे. पूर्वेला पाऊस बेताचा, रान सपाट, निचरा मंद. तिथे विरघळलेला चुना कुठे जात नाही. मातीतच चुनखडीचे खडे होऊन बसतो, आणि पाण्याने फुगणारी, उन्हाने आक्रसणारी काळी चिकणमाती बनते. म्हणजे खडक कोणता यापेक्षा पाऊस किती आणि उतार किती, याला इथे जास्त किंमत आहे. एकाच शिस्टवर धारवाडच्या पश्चिमेला तांबडी आणि पूर्वेला काळी जमीन मिळते, आणि हुबळी-तारिहाळचा पट्टा बरोबर त्या दोघींच्या शिवेवर आहे.

न्यूबोल्डला एका गोष्टीने चकवलं असावं. काळ्या मातीत थर दिसत नाहीत. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाळ्यात फुगवटा येऊन खालची वर ढकलली जाते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरत राहते. शेकडो वर्षं असं ढवळलं गेल्यावर तिच्यात जुनं-नवं उरत नाही. पृष्ठभागावर उभं राहून तिचा इतिहास काढू पाहणारा माणूस फसणारच. न्यूबोल्ड १८५० मध्ये महाबळेश्वरी वारला. जांभ्याच्या त्या टोपीखाली बेसॉल्टचे थर किती खोलवर कुजलेले आहेत, हे पाहायला त्याहून चांगली जागा दुसरी नाही.

आता फूट. रॉबर्ट ब्रूस फूट, जन्म १८३४, भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणात १८५८ पासून. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला त्याला मुरमात एक घडवलेली दगडी हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाचा तो पहिला दिवस ठरला. असा नजर तयार झालेला माणूस पुढे दक्षिण मराठा मुलखात आला आणि बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे घोड्यावरून आणि पायी त्याने तपासले. त्याचा मोठा अहवाल १८७६ मध्ये निघाला. शीर्षकातच 'साउथ मराठा कंट्री' आहे. बॉम्बे गॅझेटिअरच्या १८८४ मध्ये निघालेल्या बेळगाव आणि धारवाड खंडांतली भूरचनेची प्रकरणं याच कामावर उभी आहेत.

फूट मातीवर फार रेंगाळला नाही. तो नदीकडे गेला, कारण नदी जमीन कापून ठेवते.

सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ आहे. मलप्रभा खानापूरकडून संथपणे येते आणि समोर क्वार्ट्झाइटची रांग आडवी उभी. वळसा घालून जाण्याऐवजी नदी ती रांग आरपार चिरून पलीकडे जाते. मोराने साद घातली आणि डोंगर दुभंगला, अशी कथा तिथे सांगतात. नदी डोंगर चढून जाऊ शकत नाही, हे कथा रचणाऱ्यालाही कळत होतं, म्हणून मोर आणावा लागला. भूशास्त्राचं उत्तर थोडं उलट्या बाजूचं आहे. नदी डोंगरावर आली नाही, डोंगर नदीखालून वर दिसू लागला. मलप्रभा पूर्वी बऱ्याच उंचावरून, आता नाहीशा झालेल्या मऊ थरांवरून वाहत होती. ते थर झिजत गेले तशी ती खाली उतरत गेली आणि खाली दडलेली कठीण रांग तिच्या तळाला लागली. तोवर तिचा मार्ग पक्का झाला होता. तिने रांगही कापली. म्हणजे नविलुतीर्थाच्या खिंडीत जेवढा दगड दिसतो, त्याहून कितीतरी अधिक जमीन तिथून गेलेली आहे. आज त्या खिंडीत धरण आहे, १९७०च्या दशकातलं. हुबळी-धारवाड पाणी पितं ते त्याच जलाशयाचं.

गोकाकला घटप्रभेची तीच करणी जास्त नाट्यमय आहे. नदी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. कठीण थराखालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्याने पोखरला जातो, वरचा कठीण थर आधार गेला की कोसळतो, आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. पुढची घळ ही त्याने मागे टाकलेली वाट. १८८७ मध्ये या पडत्या पाण्यावर सूतगिरणी चालू झाली. दगड खाणारं पाणी कापूस कातायला लागलं, तोही शेजारच्या काळ्या रानातला.

हा वालुकाश्म कलादगी गटातला. त्याच्या पृष्ठभागावर कित्येक ठिकाणी लाटांच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या आहेत. उथळ पाण्याखालच्या वाळूवर पडतात तशा. बागलकोटच्या आसपास आज मे महिन्यात पाण्यासाठी जीव जातो, तिथे शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राचं उथळ पाणी खेळत होतं. या थरांत फूटला जीवाश्म मिळाले नाहीत. पुढच्या पिढ्यांना कलादगीच्या चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट मिळाले. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत, पुन्हा जीव वाढत, पुन्हा गाळ बसत तयार झालेल्या कोबीच्या गड्ड्यासारख्या रचना. हाडं, शिंपले, पानं यांतलं काही त्या काळी पृथ्वीवर जन्मालाच आलं नव्हतं. फूट शोधत होता ते तिथे असणंच शक्य नव्हतं. जे होतं ते जीव म्हणून ओळखायची रीत अजून आली नव्हती.

कलादगीचे थर बहुतेक ठिकाणी आडवे किंवा थोडेच कललेले. त्यांच्या तळाशी मात्र दुसराच मामला. तिथे शिस्टचे पापुद्रे उभे कललेले आहेत, त्यांची टोकं सपाट छाटलेली आहेत, आणि त्या छाटलेल्या टोकांवर गोट्यांचा थर आणि मग वालुकाश्म विसावला आहे. यालाच विसंगती म्हणतात. हटनने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर १७८८ मध्ये अशीच एक विसंगती पाहिली आणि काळाच्या अफाटपणाने त्याच्या सोबत्यांचे डोळे फिरले. कारण त्या एका रेघेचा अर्थ असा: आधी समुद्र, मग गाळ, मग गाळाचा खडक, मग तो दाबून चुरगळून उभा झालेला डोंगर, मग तो डोंगर पार सपाट होईपर्यंत झीज, आणि मग पुन्हा समुद्र. रामदुर्ग-सौंदत्तीच्या मुलखात ती रेघ हात लावून पाहता येते. त्या रेघेत मावणारा काळ शंभर कोटी वर्षांच्या मापात मोजावा लागतो.

गेंड्याची गोष्ट याच फिरतीतली. गोकाकजवळच्या एका नाल्याच्या काठी, ज्या गावाचं नाव फूटने चिकडौली असं लिहिलं आहे तिथे, काळ्या जमिनीखालच्या जुन्या गाळात त्याला हाडं दिसली. दात होते, जबड्याचे भाग होते. गेंड्याचे दात ओळखायला चुकत नाहीत. चघळून चघळून झिजलेल्या दाढांवर इनॅमलच्या वळणदार कडा उरतात आणि त्या वळणांवरून जात ठरवता येते. फूटने वळणं तपासली, ज्ञात गेंड्यांशी ताडून पाहिली आणि ही निराळी, नष्ट झालेली जात आहे असं ठरवून तिला 'ऱ्हिनोसेरॉस डेक्कनेन्सिस' हे नाव दिलं. दख्खनचा गेंडा. सर्वेक्षणाच्या जीवाश्मांच्या मालेत १८७४ मध्ये तो प्रबंध निघाला.

आज गेंडा म्हटला की काझीरंगा. उंच गवत, दलदल, बारमाही पाणी. घटप्रभेच्या त्या नाल्याकाठी आज मका आणि ऊस, पण ऊस कालव्याच्या कृपेने. नाला स्वतः वर्षातला बराच काळ कोरडा. तिथे गेंडा चरत होता याचा अर्थ त्या काठी चिखलाचे डोह होते, गवत होतं, झाडोरा होता. आणि हे ट्रॅपच्या किंवा कलादगीच्या मानाने अगदी अलीकडे, प्लाइस्टोसीन काळात, ज्या काळात माणूस या नद्यांच्या काठी दगडी हत्यारं घडवत होता. गोदावरीच्या खोऱ्यात नांदूर मधमेश्वरला पुढे हत्तीची कवटी मिळाली, तिची हकीकत याच जातीची. दख्खनच्या नद्यांच्या काठांवर मोठमोठी जनावरं वावरत होती आणि त्यांची हाडं राहिली ती नदीने घाईने गाळ टाकून झाकली म्हणून. उघड्यावर पडलेलं हाड काही वर्षांत भुगा होतं. जीवाश्म म्हणजे झिजेच्या तडाख्यातून सुटलेला अपघात. आणि नाल्याने काठ कापला नसता तर फूटलाही तो दिसला नसता. झीजच लपवते, झीजच उघडं करते.

मलप्रभेच्या गोट्यांत फूटला क्वार्ट्झाइटची हत्यारंही मिळाली. ऐंशीएक वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आर. व्ही. जोशींनी हेच खोरं नव्याने तपासलं. गोटे, वाळू, पोयटा असे थर एकावर एक मोजत नदी केव्हा भरून वाहत होती आणि केव्हा रोडावली, याचा हिशेब त्यांनी मांडला. या कामाचं पुस्तक डेक्कन कॉलेज आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ यांनी मिळून १९५५ मध्ये काढलं. पुणे आणि धारवाड यांच्यामध्ये भाषिक राज्यांची रेघ ओढली जाण्याच्या आदल्या वर्षी! घटप्रभेवर अनगवाडीला आर. एस. पप्पूंनी केलेलं कामही त्याच परंपरेतलं. सीमावादाच्या काळात मराठी-कानडी माणसांनी एकत्र केलेल्या कामांची यादी कोणी केली, तर या दोन खोऱ्यांचं नाव वर यावं.

आता मूळ खडकाकडे. १८७६च्या अहवालात फूटने हुबळी-धारवाडचे शिस्ट नाईसच्या मोठ्या सदरातच टाकले होते. जुना, स्फटिकी, जीवाश्म नसलेला खडक म्हणजे नाईस, अशी सरधोपट विभागणी तेव्हा चाले. पण तो काम करत पुढे बळ्ळारी आणि म्हैसूरकडे गेला, सोन्याच्या खाणींचे पट्टे पाहिले, आणि त्याच्या लक्षात आलं की हे हिरवट शिस्ट, लोहयुक्त पट्टेदार खडक आणि गोट्यांचे थर सगळीकडे एकत्र येतात; नाईसच्या पसाऱ्यात त्यांच्या लांबच लांब पट्ट्या पडलेल्या आहेत, आणि त्या नाईसहून निराळ्या आहेत. मग त्याने त्यांना वेगळं काढलं आणि नाव दिलं धारवाड. सोनं देणाऱ्या या श्रेणीवरचा त्याचा लेख १८८८ मध्ये आला. स्वतःच्याच बारा वर्षांपूर्वीच्या नकाशावर रेघ मारायला मोठं मन लागतं. मला या सबंध कहाणीत फूटचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं, हातकुऱ्हाडीपेक्षाही.

सोन्याचा धागा तर तो धारवाड जिल्ह्यातच लागला होता. गदगजवळच्या कप्पतगुड्डातून निघणाऱ्या ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे जालगार लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. पूर ओसरला की लाकडी ताटात वाळू घ्यायची, पाण्यात हेलकावे देत हलकं वाहू द्यायचं, तळाशी काळी लोहवाळू उरते, आणि नशीब असेल तर तिच्यात पिवळा ठिपका. गारगोटीपेक्षा सोनं सातपट जड, त्यामुळे ओढा जे काम वर्षभर करतो तेच जालगार ताटात पुरं करतो. फूटने १८७४ मध्ये डंबळच्या डोंगरांवर लिहिलं. सोरतूरच्या ओढ्यात सोनं आहे म्हणजे वरच्या डोंगरात गारगोटीच्या शिरा झिजत आहेत, हा तर्क जालगारांनी त्याच्या कितीतरी आधी बांधला होता, लिहिला नव्हता एवढंच.

नाव मिळाल्यावर वाद संपला नाही, वाढला. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचं भूशास्त्र खातं काढलं. त्याआधी काही काळ सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानासाठी काम केलेला फूटच त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्यानंतरच्या स्मीथने मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धारवाडचे खडक सगळे अग्निजन्य आहेत आणि नाईसपेक्षा जुने आहेत, असा पवित्रा घेतला. गोट्यांचे थरही त्याने भूहालचालीत चुरडलेले तुकडे म्हणून उडवून लावले. पुढच्या पिढीतल्या बी. रामराव वगैरेंनी पुन्हा ओढ्या-ओहोळांत जाऊन ते गोटे खरोखर पाण्याने घासलेले आहेत, वाळूत लाटांच्या खुणा आहेत, हे दाखवलं. आज मोजलेली वयं सांगतात की या मुलखातला मूळ नाईस ३०० कोटी वर्षांहून जुना, हुबळीभोवतीचे धारवाडी थर सुमारे २६० कोटी वर्षांचे, आणि त्यांत घुसलेले काही ग्रॅनाइट २५० कोटींचे. म्हणजे फूट बरोबर होता आणि स्मीथलाही वाव होता. तो ज्या नाईसकडे बोट दाखवत होता त्यातला काही भाग खरंच तरुण निघाला.

चित्रदुर्ग, तुमकूर, शिमोग्याकडच्या धारवाडी चुनखडीत स्ट्रोमॅटोलाइट आहेत. २६० कोटी वर्षांपूर्वी इथे जीव होता, तो एवढाच आणि असाच.

हे कळल्यावर तारिहाळच्या खड्ड्यातला तो करडा-हिरवा दगड निराळा दिसतो. या पट्ट्यात ग्रेवॅक नावाचा खडक पुष्कळ. भिंगाखाली धरला तर त्यात वाळूचे कोनेदार कण, मध्ये चिकणमाती. कण कोनेदार आहेत म्हणजे फार घासले गेलेले नाहीत. कुठलीशी जुनी जमीन झिजली, तिचा भरड गाळ नदीने समुद्राच्या कडेला टाकला, आणि तिथून तो एकदम घसरत खोल पाण्यात जाऊन बसला. तो गाळ दडपला, तापला, उभा झाला, वर आला. आणि आता औद्योगिक वसाहतीच्या पायाखाली तोच कण दुसऱ्यांदा माती होतो आहे. या मुलखात शोभायला डोंगर फार नाहीत, नृपतुंग बेट्टासारख्या टेकड्या तेवढ्या. कारण डोंगर होऊन गेले.

उरलेली जमीनही बसून नाही. धारवाडच्या सोमेश्वराजवळ उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळते आणि ती गंगावळी होऊन अरबी समुद्रात जाते. हुबळीच्या पूर्वेचं पाणी बेण्णिहळ्ळात, तिथून मलप्रभा, कृष्णा, बंगालचा उपसागर. शेजारच्या दोन वाड्यांचं पावसाचं पाणी दोन समुद्रांना जातं. यातली पश्चिमेची वाट आखूड आणि तीव्र. यल्लापूरजवळ मागोडला बेडती जवळजवळ २०० मीटर खाली कोसळते. आखूड वाटेची नदी मागच्या बाजूला जोराने कापत जाते आणि पूर्वेच्या नदीचा मुलुख हळूहळू गिळते. बेण्णिहळ्ळ मात्र सपाट काळ्या रानातून जातो. उन्हाळ्यात नुसती चर, आणि जोराच्या पावसात नवलगुंदकडे शेतंच्या शेतं बुडवतो, काठ तोडून माती घेऊन जातो. काळ्या जमिनीची ही धूप किती, हे मोजायचं काम सोलापूर आणि विजापूरच्या कोरडवाहू केंद्रांत १९३०च्या दशकात सुरू झालं. त्यामागे असलेल्या एन. व्ही. कानिटकरांचं कोरडवाहू शेतीवरचं पुस्तक १९४४ मध्ये निघालं. बांध-बंदिस्तीचा जो कार्यक्रम आपण पुढे गावोगाव पाहिला, त्याचं गणित त्यात आहे.

क्रिस्टी, न्यूबोल्ड, फूट, स्मीथ, रामराव यांची भांडणं शेवटी सुटली ती एकाच प्रकारच्या जागी: नाल्याचा काठ, नदीची खिंड, विहिरीची भिंत, १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने खोदलेल्या मार्गाची दरड. जमीन उभी कापलेली दिसली तिथे मत बदललं. जिथे नुसता पृष्ठभाग होता तिथे प्रत्येकजण आपापल्या पंथाला चिकटून राहिला.

आज हुबळी-धारवाडभोवती जमीन जेवढी कापली जाते आहे तेवढी फूटच्या काळात कोणी कल्पनाही केली नसती. बगलमार्ग, शेडचे पाये, मुरमाच्या खाणी, पाण्याच्या टाक्या. यातला एकेक खड्डा काही आठवड्यांत काँक्रीटने भरतो आणि त्याची भिंत कायमची बंद होते. खडकाचं फारसं बिघडत नाही, तो पुढच्या खड्ड्यातही मिळेल. पण नदी-नाल्यांच्या जुन्या गाळात हाड असेल, हत्यार असेल, तर ते एकदाच दिसतं. तुमच्याकडे या भागात काम चालू असेल आणि गाळात दात, हाड किंवा पैलू पाडलेला दगड दिसला, तर तो काढू नका. काठी किंवा मोजपट्टी शेजारी ठेवून भिंतीसकट फोटो घ्या, जागा लिहून ठेवा आणि कर्नाटक विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. थरातून बाहेर काढलेल्या हाडाची निम्मी किंमत तिथेच संपते.